आम्लाने नाकारलेला खडक भट्टीत घाला: केंद्रीय खत विभागास खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रसायने व खते मंत्री, तसेच
मा. सचिव, खत विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: देशातल्या हलक्या प्रतीच्या रॉक फॉस्फेटपासून भट्टीत वितळवून स्फुरदखत तयार करण्याबाबत.

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यात माझी भातशेती आणि काजूची बाग आहे. कृषी रसायनशास्त्र शिकलो, त्यामुळे खताच्या गोणीवरचे आकडे वाचायची सवय लागली ती कायमची. अनुदान वाढवा किंवा गोणी स्वस्त करा, असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. माझी मागणी एका भट्टीची आहे.

डीएपी या स्फुरद (फॉस्फरस) आणि नत्र देणाऱ्या खताची 50 किलोची गोणी आम्हाला 1350 रुपयांना मिळते. ती त्या भावात मिळावी म्हणून सरकार किती भार उचलतं, हे मला ठाऊक आहे. मे 2021 मध्ये जगाचा बाजार चढला तेव्हा गोणीमागचं अनुदान एका निर्णयात 500 रुपयांवरून 1200 रुपयांवर न्यावं लागलं. त्याच वर्षी चीनने फॉस्फेट खतांची निर्यात आवळली आणि तेव्हापासून ती कधी सैल, कधी घट्ट होत राहिली आहे. आपल्याकडे खडक येतो मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त, टोगोहून. फॉस्फोरिक आम्ल येतं मोरोक्को, जॉर्डन, सेनेगलहून. तयार डीएपीची जहाजं सौदी अरेबिया, मोरोक्को, रशिया, चीनकडून लागतात. एखाद्या देशाने दार लोटलं, एखादी सामुद्रधुनी अडली की इकडे जूनमध्ये कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते. डीएपी हवं असेल तर सोबत अमुक बाटली घ्या, असं लिंकिंग सुरू होतं, आणि भाताचा तरवा लावणीला आलेला असल्यामुळे शेतकरी निमूटपणे ती बाटलीही घेतो.

याच काळात राजस्थानात आणि मध्य प्रदेशात स्फुरदाचा खडक जमिनीत पडून आहे. 2021 मध्ये आपल्याच खात्याने देशातले फॉस्फेटचे साठे वापरात आणण्याचा कृती आराखडा मांडला. राजस्थान, मध्य प्रदेशातलं हिरापूर, उत्तर प्रदेशातलं ललितपूर, मसुरीचा पट्टा आणि आंध्रातलं कडप्पा खोरं ही नावं त्यात आली. आराखडा योग्यच होता. पण त्या खडकाचं पुढे काय करायचं याचा विचार आपण अजूनही एकाच चाकोरीतून करतो: खडकावर गंधकाम्ल ओता. आपल्या बहुतेक खडकाला ती चाकोरी मानवत नाही.

कारण असं की स्फुरदाचा खडक हा मुख्यतः फ्लोरअॅपेटाईट, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोरिन यांचा घट्ट स्फटिक. पाण्यात तो विरघळत नाही आणि पिकाच्या मुळांनाही सहजी दाद देत नाही. तो फोडायला कारखाने गंधकाम्ल वापरतात. खडकावर बेताचं आम्ल टाकलं की सिंगल सुपर फॉस्फेट होतं. जास्त टाकून गाळलं की फॉस्फोरिक आम्ल मिळतं, आणि त्यात अमोनिया मिसळला की डीएपी. हा मार्ग उत्तम चालतो, फक्त खडक उंची प्रतीचा हवा. खडकात डोलोमाईट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा चुनखडीसारखा दगड, असेल तर आम्ल स्फुरदापर्यंत पोहोचण्याआधी त्या डोलोमाईटवरच खर्ची पडतं. शिवाय त्यातलं मॅग्नेशियम फॉस्फोरिक आम्लात उतरतं, आम्ल दाट होतं, गाळताना त्रास देतं आणि तयार खताची प्रत घसरते. लोह आणि अॅल्युमिनियम जास्त असले तरी हीच रड. म्हणून उदयपूरजवळच्या झामरकोटड्यात 1968 मध्ये एवढा मोठा साठा सापडूनही त्यातला डोलोमाईट मिसळलेला, सोळा-सतरा टक्क्यांचा माल थेट कारखान्यात जात नाही. तो दळून, फ्लोटेशनने म्हणजे पाण्यात तरंगवून डोलोमाईट वेगळा काढून मगच चढ्या प्रतीचा करावा लागतो. त्यात पाणी जातं, रसायनं जातात, आणि गाळासोबत काही स्फुरदही गाळ साठवायच्या धरणात जातं. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या मेघनगर भागातल्या खडकात कुठे डोलोमाईट, कुठे गारगोटी. त्याचीही गत फार वेगळी नाही.

या खडकाला आपण 'हलक्या प्रतीचा' म्हणतो. ही प्रत ठरवली कोणी? आम्लाने. भट्टीला विचारलं तर ती वेगळा निवाडा देते. आम्लाला नकोसे झालेले मॅग्नेशियम आणि सिलिका हे दोन्ही घटक भट्टीला हवेच असतात. माझ्या पत्रातला मुख्य मुद्दा एवढाच आहे.

फॉस्फेटचा खडक आणि मॅग्नेशियम-सिलिकेट असलेला दगड, उदाहरणार्थ सर्पेंटाईन किंवा ऑलिव्हिन, योग्य प्रमाणात मिसळून चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की सगळं वितळून पातळ रस होतो. अॅपेटाईटचा स्फटिक मोडतो. तो रस भट्टीतून बाहेर पडताच त्यावर पाण्याचा जोरदार झोत मारतात. क्षणात तो गोठतो आणि हिरवट काचेच्या बारीक कण्या होतात. साखरेचा पाक एकदम गार केला तर काचेसारखा कडक होतो, सावकाश निवू दिला तर खडे धरतो. इथेही तसंच आहे. रस हळूहळू थंड झाला तर अॅपेटाईटचे स्फटिक पुन्हा जमतात आणि एवढा जाळ वाया जातो. म्हणून या कामातलं खरं कसब तापवण्याइतकंच विझवण्यात आहे. कण्या वाळवायच्या, बारीक दळायच्या, झालं खत. जगात त्याला फ्यूज्ड मॅग्नेशियम फॉस्फेट म्हणतात. गंधकाम्लाचा थेंब लागत नाही आणि फॉस्फोजिप्समही तयार होत नाही. फॉस्फोरिक आम्लात मिळणाऱ्या एक टन स्फुरदामागे साधारण पाच टन जिप्सम निघतं. बंदरांजवळच्या कारखान्यांच्या आवारात त्याचे पांढरे डोंगर साचले आहेत, ते आपल्या अधिकाऱ्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिले असतील.

या खतात साधारण 16 ते 20 टक्के स्फुरद असतं. त्याशिवाय पंचवीस-तीस टक्के चुना, बारा ते अठरा टक्के मॅग्नेशियम ऑक्साईड आणि वीस टक्क्यांच्या वर सिलिका. ते पाण्यात विरघळत नाही, पण दोन टक्क्यांच्या सायट्रिक आम्लात जवळजवळ सगळं विरघळतं. मुळांतून पाझरणारी सौम्य आम्लं आणि आम्लधर्मी माती यांना ते पुरेसं असतं. त्याचा सामू (पीएच) आठच्या पुढे आहे, म्हणजे ते मातीचा आंबटपणाही थोडा उतरवतं.

झामरकोटड्याच्या डोलोमाईटी मालाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भट्टीत डोलोमाईटमधला कार्बन डायऑक्साईड निघून जातो, त्यामुळे उरलेल्या रसात स्फुरदाची टक्केवारी आपोआप वाढते. वरून सर्पेंटाईन घातला की ती पुन्हा थोडी उतरते. शेवटी हाती येतो तो माल सिंगल सुपरच्या 16 टक्क्यांच्या आसपास बसतो. म्हणजे जो खडक धुऊन, दळून, तरंगवून चौतीस टक्क्यांवर नेल्याशिवाय डीएपीच्या कामाचा नाही, तो न धुता सिंगल सुपरच्या तोडीचं स्फुरद देऊ शकतो, आणि मॅग्नेशियम व सिलिका वरकड.

उष्णतेने स्फुरद मोकळं करायची कल्पना नवीन नाही. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस याने 1879 मध्ये स्फुरदयुक्त लोखंडापासून पोलाद करायची रीत सिद्ध केली, आणि त्या भट्टीची मळी दळून पश्चिम युरोपातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या शेतात टाकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत गंधकाम्लाची चणचण होती, तेव्हा खडक, सोडा आणि वाळू फिरत्या भट्टीत भाजून ऱ्हेनानिया फॉस्फेट आलं. 1940च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मॅग्नेशियमच्या दगडासोबत वितळवायची पद्धत कारखान्यात उतरली. तिचं खरं चीज मात्र जपानने केलं. तिथली ज्वालामुखीच्या राखेची माती स्फुरद गिळून बसते. 1950च्या सुमारास जपानने हे खत बनवायला घेतलं आणि भाताच्या खाचरांत, नव्याने लागवडीखाली आणलेल्या जमिनींत ते मुबलक वापरलं. चीनने हवेच्या झोताने कोळसा जाळणाऱ्या छोट्या झोतभट्ट्यांत, स्वतःच्या हलक्या खडकापासून ते कित्येक दशकं बनवलं. पुढे तिथे डीएपीचे मोठे कारखाने आल्यावर त्याचा वाटा घटला, पण देशाकडे भांडवल आणि गंधक कमी असताना त्याच खताने शेती तोलून धरली.

माझं लक्ष जास्त वेधलं ते व्हिएतनामने आणि ब्राझीलने. व्हिएतनामकडे लाओ काय प्रांतात अॅपेटाईट आहे आणि थान्ह होआमध्ये सर्पेंटाईन. दोन्ही एकत्र करून हनोईजवळच्या वान डिएनला आणि निन्ह बिन्हला झोतभट्ट्यांत हे खत निघत आलं, आणि तिथला भातकरी शेतकरी ते ओळखून आहे. ब्राझीलमध्ये पोसोस दे काल्दास इथे जपानी तंत्राने हे खत बनतं आणि 'योरिन' या नावाने विकलं जातं. तिथल्या सेराडो पठाराची माती लाल, आंबट, स्फुरद जखडून ठेवणारी आणि मॅग्नेशियमला भुकेली. हे वर्णन मी प्रथम वाचलं तेव्हा आमच्याच वरकस जमिनीबद्दल कोणीतरी लिहिलंय असं वाटलं.

आता आमच्या मातीकडे येतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हजारो वर्षांच्या या धुलाईने चुना, मॅग्नेशियम, पालाश सगळं वाहून गेलं आणि लोह, अॅल्युमिनियम मागे राहिलं. जांभा आणि जांभ्याची माती तीच. तिचा सामू बहुतेक ठिकाणी पाच ते सहाच्या दरम्यान. अशा मातीत डीएपी किंवा सुपर फॉस्फेट पडलं की त्यातलं विरघळलेलं स्फुरद लोह आणि अॅल्युमिनियम पकडून ठेवतात. खत महाग, पाण्यात पूर्ण विरघळणारं, आणि नेमका तोच गुण आमच्या मातीत त्याला नडतो. मुळांच्या वाट्याला थोडं येतं, बाकीचं मातीत अडकून पडतं. माती परीक्षणात स्फुरद 'कमी' असं वर्षानुवर्षं लिहून येतं आणि शेतकरी दरवर्षी तेवढंच खत पुन्हा टाकत राहतो.

यावर आमच्याकडे उत्तरं शोधली गेली आहेत. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली. तिच्यातलं पहिलं सूत्र भाताचे अवशेष शेताला परत द्यायचं. तुसाची राख रोपवाटिकेत टाकायची ती सिलिकासाठी. गिरिपुष्पाचा पाला, नेमक्या अंतराची लावणी आणि चार चुडांच्या मधोमध खोल खुपसलेली युरिया-डीएपीची गोळी ही पुढची सूत्रं. गोळी खोल गेली की स्फुरदाचा मातीशी संपर्क कमी होतो आणि ते कमी जखडलं जातं. काजूच्या खड्ड्यात रॉक फॉस्फेट टाकायची शिफारस आहे, तीही आंबट माती खडकाला हळूहळू विरघळवते म्हणूनच. मसुरीचं रॉक फॉस्फेट एके काळी दक्षिणेतल्या मळ्यांत याच कारणाने खपायचं. पण कच्च्या खडकाची गती झाडाच्या बागेला चालते, शंभर-सव्वाशे दिवसांच्या भाताला चालत नाही. कच्चा खडक आणि डीएपी यांच्या मधली जागा आमच्याकडे रिकामी आहे. भट्टीतलं खत त्या जागेवर बरोबर बसतं: पाण्यात विरघळत नाही म्हणून पटकन जखडलं जात नाही, आणि मुळांच्या आम्लात विरघळतं म्हणून हंगामात हाती लागतं.

सिलिकाची बाब आपल्याकडे फार दुर्लक्षित राहिली. भात नत्रापेक्षा जास्त सिलिका उचलतो. ती पानात आणि खोडात बसली की रोप ताठ राहतं, वाऱ्या-पावसात लोळत नाही, करप्याला आणि खोडकिड्याला सहजी बळी पडत नाही. जपानने 1955 मध्येच सिलिकेटला खत म्हणून मान्यता दिली. आमच्याकडे पेंढा गुरांना जातो, तूस गिरणीत राहतं, आणि दरवर्षी खाचरातली सिलिका बाहेर जाते ती परत येत नाही. आंबट मातीत सुपारी-नारळाच्या बागांत जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात, ती मॅग्नेशियमची हाक असते. गोव्यातल्या कुळागरवाल्यांना हे सांगायला नको. एका गोणीत स्फुरदासोबत चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका तिन्ही येत असतील, तर त्या गोणीची किंमत फक्त स्फुरदाच्या टक्क्यांवर लावणं अन्यायाचं होईल.

हे खत सगळ्या महाराष्ट्रासाठी नाही, हेही इथेच सांगतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीच्या, सामू आठच्या जमिनीत ते निष्प्रभ ठरेल. तिथे डीएपी आणि सिंगल सुपरच हवं. भुईमूग, सोयाबीन, कांदा यांना गंधक लागतं आणि ते सिंगल सुपरमधून मिळतं. भट्टीच्या खतात गंधक नसतं. ही शिफारस कोकण, गोवा, केरळ, कर्नाटकची किनारपट्टी, ईशान्येची राज्यं, झारखंड-ओडिशातल्या आंबट जमिनी एवढ्यापुरतीच आहे. पण एवढ्या जमिनीचं डीएपीवरचं ओझं हलकं झालं, तर तेवढं डीएपी काळ्या मातीला मिळेल.

कच्चा माल कुठून आणायचा? उदयपूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, अहमदाबादच्या रस्त्याला, ऋषभदेव म्हणजे केसरियाजी आहे. तिथून जो 'हिरवा मार्बल' देशभर जातो तो भूशास्त्राच्या भाषेत सर्पेंटाईन. खाणीत ठोकळे कापताना जेवढा माल विकला जातो त्याच्या कितीतरी पट तुकडे आणि भुकटी मागे उरते. झामरकोटड्याचा हलका खडक आणि ऋषभदेवचा टाकाऊ सर्पेंटाईन हे एकाच परिसरात पडलेले आहेत. मेघनगर तर रतलाम-गोध्रा मार्गावरचं स्टेशन आहे. तिथून वसईमार्गे कोकण रेल्वेने माल चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, मडगावला उतरवता येतो. सिंधुदुर्गातही कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात क्रोमाईटसोबत असे दगड आहेत, हे मला माहीत आहे. पण त्यासाठी कोकणात नवी खाण उघडू नका. जे आधीच खणून टाकून दिलंय तेच वापरा. या अटीवर मी ठाम आहे.

सर्पेंटाईनबरोबर दोन धोके येतात. त्या पट्ट्यातल्या सर्पेंटाईनमध्ये अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. चौदाशे अंशांवर ते तंतू नष्ट होतात, पण भट्टीपर्यंत पोहोचेपर्यंतची धूळ कामगाराच्या छातीत जाते. ओला करून फोडणं, बंद पट्ट्यांवरून वाहतूक, हवेतल्या तंतूंची नियमित मोजणी हे सगळं पहिल्या दिवसापासून हवं. दुसरं, सर्पेंटाईनमध्ये निकेल आणि क्रोमियम असतात. झोतभट्टीत निकेलचा बराचसा भाग लोखंडाबरोबर तळाशी उतरतो आणि वेगळा काढता येतो. विजेच्या भट्टीत तसं होईलच असं नाही, म्हणून खताच्या मानकात या दोन्ही धातूंची मर्यादा स्पष्ट लिहावी लागेल.

तिसरा धोका सर्वांत मोठा. फ्लोरअॅपेटाईट वितळताना फ्लोरिनचे वायू निघतात. झाबुआ आणि उदयपूरशेजारचा डुंगरपूर या दोन्ही जिल्ह्यांत भूजलातल्या फ्लोराईडने आधीच लोकांचे दात आणि हाडं खराब केली आहेत. तिथल्या भिल्ल वस्त्यांत वाकलेली माणसं बघितली की या विषयावर हलक्या आवाजात बोलवत नाही. देशाला खत मिळावं म्हणून तिथल्याच माणसांच्या हवेत आणखी फ्लोरिन सोडायचं, हे मला मान्य नाही आणि आपल्यालाही मान्य नसावं. भट्टीचा प्रत्येक वायू चुन्याच्या पाण्यातून धुऊनच बाहेर पडला पाहिजे. हे तंत्र जुनं आणि सिद्ध आहे, फक्त त्यावर खर्च करावा लागतो. चिमणीतल्या फ्लोरिनची मोजणी रोजच्या रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर हिंदीत आणि भिलीत लागली पाहिजे. ज्या दिवशी धुलाईयंत्र बंद, त्या दिवशी भट्टी बंद, हे परवान्यातच लिहा. कारखान्याच्या आधी गावाला स्वच्छ पिण्याचं पाणी द्या, नंतर देऊ म्हणू नका.

ऊर्जेचा हिशेब मी टाळत नाही. विजेच्या भट्टीत एक टन खताला साधारण 800 ते 1000 युनिट वीज लागते. 50 किलोच्या गोणीमागे ती चाळीस ते पन्नास युनिट पडते. उद्योगाच्या दराने सात-आठ रुपये युनिट धरलं तर नुसती वीजच गोणीमागे तीनशे-चारशे रुपये. दगड, दळण, कामगार, वाहतूक वेगळी. विदेशी खडक आणि गंधक स्वस्त होते त्या वर्षांत हे गणित जुळत नव्हतं, आणि म्हणूनच जगभर आम्लाचा मार्ग जिंकला. आज दोन गोष्टी बदलल्या आहेत. राजस्थानात सूर्यप्रकाशाची वीज दुपारी इतकी तयार होते की वाहून न्यायला तारा पुरत नाहीत आणि ती कापावी लागते. भट्टी रोज पेटवायची-विझवायची वस्तू नाही, ती अखंड तापलेली ठेवावी लागते. पण दुपारी जास्त माल वितळवायचा आणि रात्री नुसती ऊब राखायची, एवढी लवचीकता विजेच्या भट्टीत आणता येते. दुसरी गोष्ट, आयातीवर आपण दरवर्षी देतो ते अनुदान हा सुद्धा या गणितातलाच आकडा आहे, तो दुसऱ्या वहीत लिहून चालणार नाही. डोलोमाईट तापवला की कार्बन डायऑक्साईड निघतो, हेही मोजा. सगळं मोजूनच निर्णय घ्या, माझी त्याला हरकत नाही.

आपल्याकडून मला काय हवं आहे ते सांगतो. पहिला अडसर कागदावरचा आहे. आपल्याकडे स्फुरदखताची पारख बऱ्याच अंशी पाण्यात किती विरघळतं यावर होते. या खताची पारख सायट्रिक आम्लात किती विरघळतं यावर व्हायला हवी, आणि त्यासाठी खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये त्याच्या टक्केवारीसह, बारीकपणासह, निकेल-क्रोमियमच्या मर्यादेसह स्वतंत्र मानक हवं. मानक तयार नसेल तर कोणी उद्योजक भट्टी बांधणार नाही. मग अनुदान. 2010 पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान सुरू आहे, आणि त्या यादीत नवीन नावं येतच नाहीत असं नाही. 2024 मध्येच मॅग्नेशियम, जस्त, बोरॉन घातलेलं सिंगल सुपर तिच्यात घेतलं गेलं. त्याच न्यायाने भट्टीच्या खतातल्या स्फुरदाला अनुदान द्या. सिलिकाला आज देता आलं नाही तरी चालेल, मॅग्नेशियमला मात्र द्या.

भट्टी एकदम लाखो टनांची नको. एक छोटी भट्टी, सरकारी खाण महामंडळ आणि एखादी राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्या भागीदारीत, खडकाशेजारी उभी करा. तिच्यात झामरकोटड्याचा आणि मेघनगरचा माल वेगवेगळा वितळवून बघा. कोणत्या मिश्रणाचा रस कोणत्या तापमानाला पातळ होतो, झोतात किती चांगली काच होते, हे दुसऱ्या देशाच्या पुस्तकातून कळत नाही. ते आपल्याच खडकावर पाहावं लागतं.

आणि भट्टी उभी राहीपर्यंत शेत रिकामं ठेवायची गरज नाही. व्हिएतनाम किंवा ब्राझीलहून चाचणीपुरते काही टन माल मागवा. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि जुन्या गोव्यातली किनारी कृषी संशोधन संस्था यांना तो द्या. भातावर, नाचणीवर, काजू-सुपारीच्या बागांत सलग काही हंगाम त्याची डीएपी, सिंगल सुपर आणि कच्च्या रॉक फॉस्फेटशी तुलना करा. फक्त पहिल्या वर्षाचं उत्पन्न पाहून निकाल देऊ नका. हे खत दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातही देत राहतं, त्यामुळे एका खरिपाच्या आकड्यावर त्याला नापास करणं चुकीचं ठरेल. मातीचा सामू, मॅग्नेशियम आणि पेंढ्यातली सिलिका दर हंगामाला मोजा. निष्कर्ष मराठीत आणि कोंकणीत छापा, आणि उणे निघाले तरी छापा. भुकटी वाऱ्यावर उडते म्हणून शेतकरी नाक मुरडेल. चिखलणीच्या आधी ओल्या मातीत मिसळायचं, की रोपवाटिकेत द्यायचं, की दाणेदार करून आणायचं, हेही त्याच चाचण्यांत ठरू दे.

माल मार्चपर्यंत बंदरात उतरला तर त्याच वर्षीच्या खरिपात वाफे आखता येतील. विद्यापीठाला शेतकऱ्यांच्या जमिनीवर चाचणी घ्यायची असेल तर माझं ओढ्याकाठचं खाचर आणि त्याचे माती परीक्षणाचे जुने सगळे अहवाल मी द्यायला तयार आहे.

कळावे,

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक भात-काजू उत्पादक

प्रत माहितीसाठी: मा. कृषी मंत्री, महाराष्ट्र राज्य, मा. कुलगुरू, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली